आधी तरंगावे, मग हात मारावेत

उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे पालक हमखास येतात. पहिले विचारतात, "डॉक्टर, पोराला पोहायला शिकवायचं म्हणतोय, वय झालं का त्याचं?" दुसरे म्हणतात, "डॉक्टर, पोरगं विहिरीचा हट्ट धरून बसलंय, तुम्हीच त्याला जरा भीती घाला." पहिल्यांना मी आनंदाने होकार देतो. दुसऱ्यांना सांगतो, भीती घातल्याने मूल पाण्यापासून लांब राहत नाही; ते फक्त घरी न सांगता जाऊ लागते. आणि चोरून पाण्यात उतरलेल्या मुलाजवळ वेळेवर धावून येणारे मोठे माणूस नसते.

आपला जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण पाणी येथे अनेक रूपांत आहे. अकोले तालुक्यात भंडारदरा, राहुरीजवळ मुळा धरण, शेवगाव-नेवाशाकडे जायकवाडीचा फुगवटा, श्रीरामपूर-राहात्याकडे प्रवरेचे पाट, श्रीगोंदा-कर्जतकडे कुकडीचा कालवा, कोपरगावला गोदावरी. त्याखेरीज वस्तीवस्तीवर विहिरी. त्यात २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' या योजनेतून शेततळ्यांची भर पडली. पाणी वाढले, पण पाण्यात उतरण्याची विद्या मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. एप्रिल-मे महिन्यांत दोघे भाऊ बुडाल्याची, एकाला वाचवताना दुसरा गेल्याची बातमी वाचली नाही असे वर्ष मला आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांत लहान मुलांचा वाटा मोठा आहे. ही संघटना सहा वर्षांपुढील मुलांना पोहण्याचे प्राथमिक धडे व पाण्यातील सुरक्षितता शिकवावी असे सुचवते. म्हणूनच आजचा विषय, पोहण्याचे पहिले धडे.

पाण्यात पडले की पोहता येते?

आपल्याकडे सर्रास म्हटले जाते की, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. म्हण खरी आहे, पण तिचा अर्थ आपण "ढकलून द्या, आपोआप हातपाय मारील" असा केला आहे. माझ्यावर हा प्रयोग झालेला आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना चुलतभावाने मला मळ्यातल्या विहिरीत ढकलले. दोन परस पाणी होते. कमरेला कासरा बांधलेला होता म्हणून वर आलो. पण नाकातोंडात जे पाणी गेले त्याने पुढची दोन वर्षे मी विहिरीच्या कठड्याजवळ फिरकलो नाही.

नंतर मला शिकवले ते वस्तीवरच्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांनी पांगाऱ्याच्या वाळलेल्या लाकडाचा बिंडा माझ्या पाठीला बांधला, पायरीच्या विहिरीत शेवटच्या पायरीवर मला बसवले, आणि पहिले चार दिवस एकही हात मारू दिला नाही. नुसते पाण्यावर पडून राहायचे. "तू पाण्याला धरू नको, पाणी तुला धरतंय," एवढेच ते म्हणत. पाचव्या दिवशी पाय हलवायला सांगितले. पंधरा दिवसांत मी बिंडा सोडून विहिरीचा फेर मारला. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना शरीरशास्त्र वाचले, तेव्हा त्यांचे ते चार दिवस किती शास्त्रशुद्ध होते हे ध्यानात आले.

शरीर तरंगते कसे

माणसाचे शरीर पाण्याच्या जवळजवळ इतकेच जड असते. छाती भरून श्वास घेतला की बहुतेकांचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके होते आणि तरंगते. श्वास पूर्ण सोडला की किंचित जड होऊन बुडू लागते. म्हणजे आपल्या छातीतच एक भोपळा बांधलेला आहे. घाबरलेला माणूस ओरडतो, ओरडताना श्वास सोडतो आणि तो भोपळा स्वतःच रिकामा करतो. वर हात केले की तेवढे वजन पाण्याबाहेर जाते आणि डोके पाण्याखाली जाते. म्हणून "वाचवा, वाचवा" म्हणत हात हलवणारा बुडता माणूस सिनेमात दिसतो. प्रत्यक्षात बुडणारे मूल बहुधा आवाजही न करता जाते.

दुसरी गोष्ट, हवा छातीत असते आणि पाय मात्र हाडामांसाचे, जड. त्यामुळे छाती वर व पाय खाली अशी शरीराची ओढ असते. तिसरी गोष्ट डोक्याची. मोठ्या माणसाचे डोके चार ते पाच किलोचे असते. ते पाण्यात टेकवून ठेवले तर पाणी त्याचा भार घेते. नवशिका भीतीने मान ताठ करून डोके बाहेर काढतो, त्याबरोबर कंबर व पाय खाली जातात आणि तो उभा राहून गटांगळ्या खाऊ लागतो. पोहायला न येण्याचे कारण बहुतेक वेळा हातांत नसते, मानेत असते.

भोपळा, डबा, ट्यूब की फळी

आपल्याकडे वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा, तेलाचा पत्र्याचा डबा, ट्रकच्या चाकाची ट्यूब आणि आता प्लॅस्टिकचा कॅन अशी साधने चालत आली. शहरातल्या तलावावर फोमची फळी मिळते. काम सर्वांचे एकच, जड भागाला थोडा आधार देणे. हा आधार फार लागत नाही. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यात सुमारे पाच किलो भार उचलतो, म्हणजे डोक्याएवढा. शिकणाऱ्याला तेवढा पुरतो.

साधन निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. पत्र्याच्या डब्याची कड गंजलेली असेल तर तो वापरू नये. धनुर्वाताची लस झाली आहे का हेही पाहावे. भोपळ्याला चीर नाही ना, कॅनचे झाकण गळत नाही ना, हे आधी बादलीत दाबून तपासावे. ट्यूबच्या मधल्या भोकात मुलाला बसवू नये. ते खाली निसटते किंवा उलटे होऊन पाय वर आणि डोके पाण्यात अशी स्थिती होते.

डबा कोठे बांधावा याला फार महत्त्व आहे. तो पाठीवर, खांद्यांच्या थोडा खाली, छातीच्या रेषेत असावा. दोर सैल राहिला आणि डबा कमरेकडे सरकला तर कंबर वर उचलली जाते आणि डोके खाली जाते. दोर काखेतून घ्यावा, गळ्याजवळून कधीही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे साधन गुरुजी आहे, राखणदार नव्हे. पाठीवरचा डबा शुद्ध हरपलेल्या मुलाला पालथेच ठेवतो. म्हणून डबा बांधला असला तरी पोहणारे मोठे माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात हवेच.

उतरण्यापूर्वी

पहिले धडे छातीइतक्या पाण्यात घ्यावेत. पाय टेकतात हा विश्वास असला की मान आपोआप सैल सुटते. पालिकेचा किंवा संस्थेचा तरणतलाव आणि प्रशिक्षक उपलब्ध असेल तर उत्तमच. ते नसेल तर पायऱ्यांची विहीर, जिच्या पायऱ्या पाण्यात उतरतात आणि ज्यांवर उभे राहता येते, अशी निवडावी. मोटारीच्या विहिरीत वीजपुरवठा बंद करून मगच उतरावे. पाटात किंवा कालव्यात शिकू नये. वरून संथ दिसले तरी तेथे पाण्याला ओढ असते आणि काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असते.

शेततळ्यात तर नवशिक्याने मुळीच उतरू नये. प्लॅस्टिकच्या कागदाचा उतार ओला झाला की त्यावर हात ठरत नाही आणि पाय रोवत नाही. चांगला पोहणारा तरुणही काठापर्यंत येऊन वर चढू शकत नाही आणि दमून बुडतो. ज्यांच्या शेतात असे तळे आहे त्यांना माझी विनंती आहे. कुंपण तर घालाच, पण चारही बाजूंना खुंट्या रोवून वीतवीत अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, आणि एखादी फुगवलेली ट्यूब काठावर लटकवा. चार दोरांना फार खर्च येत नाही.

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, ताप, जुलाब किंवा अंगावर उघडी जखम असेल तर बरे होईपर्यंत पाणी टाळावे. फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आणि एकट्याने कधीही उतरू नये. हृदयविकार, दमा असलेल्यांनी आधी विचारावे. भरपेट जेवून लगेच पोहू नये. मद्य घेतलेल्याने तर काठाशीही जाऊ नये. भर उन्हातून आल्या आल्या एकदम उडी टाकू नये. थंड पाण्याचा धक्का बसून एकदम जोराचा श्वास आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्यात असेल तर पाणी छातीत जाते. आधी हातपाय, मग तोंड, मग छाती भिजवून सावकाश उतरावे.

सहा धडे

पहिला धडा श्वासाचा. छातीइतक्या पाण्यात उभे राहून तोंडाने श्वास घ्यावा, तोंड पाण्यात बुडवावे आणि नाकातोंडाने बुडबुडे काढत सावकाश श्वास सोडावा. बुडबुडे काढणे मुलांना खेळासारखे वाटते. वीस-पंचवीस वेळा न थांबता, न खोकता जमले की पुढे जावे. घरी बादलीतही हा सराव होतो, मात्र तो मोठ्यांच्या देखत.

दुसरा धडा पडून राहण्याचा. शिकवणाऱ्याने एक हात मुलाच्या मानेखाली व दुसरा पाठीखाली धरून त्याला उताणे झोपवावे. कान पाण्यात बुडाले पाहिजेत, नजर आकाशाकडे, पोट वर, छाती भरलेली. श्वास पटकन घ्यावा आणि हळू सोडावा. हात दोन्ही बाजूंना पसरावेत. शिकवणाऱ्याने आपले हात हळूहळू काढून घ्यावेत, पण सांगून. फसवून हात काढला तर विश्वास जातो, आणि या विद्येत विश्वासाशिवाय काही नाही.

तिसरा धडा उभे राहण्याचा. हा बहुतेक जण शिकवत नाहीत आणि तेथेच घोटाळा होतो. पाण्यावर आडव्या झालेल्या मुलाला परत पाय कसे टेकवावेत हे कळत नाही, म्हणून ते घाबरते. पालथे असताना दोन्ही गुडघे पोटाशी घ्यावेत, तळहातांनी पाणी खाली दाबावे, डोके वर उचलावे आणि मग पाय खाली सोडावेत. हे दहा वेळा करून घ्यावे. थांबता येते हे कळले की निघण्याची भीती उरत नाही.

चौथा धडा फळीवर पायांचा. फळी पुढे धरून तिच्यावर कोपरापासून पुढचे हात टेकवावेत. कॅन असेल तर तो दोन्ही हातांत पुढे धरावा. शरीर आडवे, हनुवटी पाण्यालगत. पाय कमरेपासून हलवावेत, गुडघे सैल, पावले नर्तकीसारखी लांब ताणलेली. टाचा पाण्याच्या पृष्ठभागाशी यायला हव्यात. नवशिके दोन चुका करतात. एक म्हणजे सायकल मारल्यासारखे गुडघे पोटाकडे ओढतात, त्यामुळे पुढे न जाता जागीच हेलकावे बसतात. दुसरी म्हणजे पाय पाण्याबाहेर आपटतात, त्यामुळे पाणी उडते फार आणि अंतर कापले जात नाही. आवाज कमी तितकी गती जास्त, हे सूत्र लक्षात ठेवावे.

पाचवा धडा सरकण्याचा व वळण्याचा. भिंतीला किंवा पायरीला पाय लावून रेटा द्यावा आणि हात पुढे ताणून बाणासारखे जावे. गती संपेपर्यंत काही करू नये. आता वळणे. ज्या दिशेला जायचे तिकडे आधी नजर वळवावी, त्याच बाजूच्या कोपरावर किंचित भार द्यावा, फळीची ती कड थोडी दाबली जाते आणि शरीर तिकडे वळते. पाय चालू ठेवावेत. सायकल वळवताना आपण जसे नकळत एका बाजूला कलतो तसेच हे आहे.

सहावा धडा आधार सोडण्याचा. फळी हातभर पुढे ढकलावी आणि तिच्यापर्यंत सरकत जावे. मग दोन हात, मग चार हात. डबा पाठीला असेल तर पाचऐवजी तीन लिटरचा, मग एक लिटरचा घ्यावा. हात मारणे येथून पुढे शिकवावे. ज्याला तरंगता येते त्याला हात मारायला शिकवणे सोपे जाते. ज्याला फक्त हात मारता येतात तो दमला की बुडतो.

शिकला कधी म्हणावे? माझी कसोटी अशी. आधाराशिवाय दोन मिनिटे उताणे पडून राहता येणे, पाण्यात मागे वळता येणे, पंचवीस मीटर जाता येणे, आणि कोणाच्या मदतीशिवाय पाण्याबाहेर येता येणे. या चारही गोष्टी जमल्या तरच डबा माळ्यावर ठेवावा. आणि तरीही एकट्याने उतरू नये.

मुलींनाही शिकवा

आपल्याकडे विहिरीवर शिकतात ती मुले. मुली धुणे धुतात, पाणी शेंदतात, पाटाकाठी जनावरे नेतात, पण त्यांना पाण्यात उतरणे कोणी शिकवत नाही. कळशी भरताना पाय घसरला तर तिने काय करावे? सुती, अंगासरशी कपडे, घरातील किंवा ओळखीची पोहणारी बाई आणि आडोशाची वेळ एवढे जमवले तर पहिले तीन धडे आठ-दहा दिवसांत होतात. निदान उताणे पडून राहणे तरी प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईला यावे. आयांना तर मी आवर्जून सांगतो, बुडत्या लेकरामागे पहिली उडी तुमचीच असते.

समुद्रावर गेल्यावर

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणूनच आपल्या लोकांना त्याची ओढ फार. सहली अलिबाग, मुरूड, दिवेआगर, गणपतीपुळ्याला जातात. तेथे अलीकडे फोमच्या रुंद फळीवर पोट टेकून लाटेबरोबर काठाकडे घसरत येण्याचा खेळ दिसतो. १९७१ साली टॉम मोरे नावाच्या अमेरिकन गृहस्थाने हवाई बेटांवर अशी फोमची फळी प्रथम बनवली आणि तेथून हा खेळ जगभर पसरला. आपल्या बिंड्याचीच ही लाटेवरची भावकी म्हणावी. ज्याचे वरचे सहा धडे झाले आहेत त्याला हा खेळ लवकर जमतो.

कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे. फळीला बांधलेला पट्टा दंडाला किंवा मनगटाला अडकवावा. मान वळवून मागून येणाऱ्या लाटेकडे पाहत राहावे. फुटलेली, फेसाळ लाट दोन-तीन हातांवर आली की फळीवर पालथे पडून पाय मारावेत. फळीची मागची कड कमरेशी यावी, हात पुढच्या कडेला, छाती थोडी उचललेली. लाट आपणच उचलून नेते. डावीकडे जायचे तर भार डावीकडे, थांबायचे तर भार मागे घ्यावा व पाय पाण्यात सोडावेत. समोरून लाट येत असताना फळी कधीही स्वतःच्या व लाटेच्या मध्ये आडवी धरू नये, ती सरळ तोंडावर आदळते. ती बाजूला धरावी.

पण समुद्र म्हणजे विहीर नव्हे. त्याचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे तरंगणे सोपे वाटते आणि खोटा धीर येतो. ओहोटी लागली की पाणी आत ओढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच, भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारूनच उतरावे, आणि पावसाळ्यात मुळीच नाही. ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध काठाकडे पोहू नये, दमाल. फळी सोडू नये, पडून राहावे, एक हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीबाहेर पडावे. येथेही दुसरा धडाच कामी येतो.

कोणी बुडत असेल तर

उडी टाकू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. पाणी कसलेल्या माणसांनाही सोडत नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे ३ जवान मृत्युमुखी पडले. तेव्हा आधी आरोळी ठोकून माणसे जमवा. मग काठी, बांबू, दोर पुढे करा. दोर नसेल तर डोक्याचा फेटा, धोतर, लुगडे फेका. ट्यूब, रिकामा कॅन, घागर, जे तरंगेल ते फेका. स्वतः आडवे पडून द्या, म्हणजे ओढले जाणार नाही.

बाहेर काढल्यावर त्याला पायाला धरून उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, गरगर फिरवणे हे प्रकार अजूनही होतात. हे सर्व घातक आहेत. पोटातले पाणी घशात येऊन छातीत उतरते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. बुडालेल्या माणसाला पाणी काढण्याची गरज नसते, हवेची असते.

त्याला सपाट जागी उताणे झोपवा. हाक मारा, छाती हलते का हे दहा सेकंदांत पाहा. दुसऱ्या कोणाला १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगा. श्वास चालत नसेल तर कपाळ मागे व हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा, आपले तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावून सावकाश फुंका. छाती वर येते का हे पाहा. असे पाच श्वास द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी, दोन्ही स्तनाग्रांच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून ३० वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटीमीटर, मुलाची छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश दबली पाहिजे. गती मिनिटाला १०० ते १२०. मग पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. श्वास परत आला तर कुशीवर वळवा, ओले कपडे काढून घोंगडीत गुंडाळा. शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी दवाखान्यात न्याच. छातीत गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

शेवटी

पोहण्याने दम वाढतो, सांध्यांवर भार न पडता सर्वांगाला व्यायाम होतो, हे सर्व खरे आहे. पण माझ्या दृष्टीने ते दुय्यम आहे. पोहणे ही सायकलसारखी विद्या आहे, एकदा आली की सहसा जात नाही, आणि एखाद्या दिवशी तिच्यामुळे जीव वाचतो. यासाठी फार पैसा लागत नाही. एक घट्ट झाकणाचा कॅन, पायरीची विहीर, आणि रोज अर्धा तास मुलाबरोबर पाण्यात उभा राहणारा बाप, काका किंवा आत्या एवढे पुरते.

आमच्या वस्तीवरचे ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांचा बिंडाही कोठे गेला माहीत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या नातवाला पहिल्यांदा पाण्यात घेतले तेव्हा तो माझ्या गळ्याला घट्ट धरून बसला होता. मी त्याच्या मानेखाली हात दिला आणि म्हणालो, "तू पाण्याला धरू नको, पाणी तुला धरतंय." तिसऱ्या दिवशी त्याची मान सैल सुटली. वाचकहो, या सुट्टीत आपल्या घरातील एका तरी मुलाला आणि एका तरी मुलीला एवढे शिकवा.